‘नेट चालत नाही’ या वाक्याची फोड

घरातले इंटरनेट थांबले की बहुतेक सगळे एकच वाक्य उच्चारतात : ‘नेट चालत नाही.’ वाक्य खरे असते, पण त्यावरून बिघाड कुठे आहे हे कोणालाच कळत नाही, कारण त्याच्या पोटात निदान पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी असतात. फोन राउटरपासून फार लांब असेल, राउटरपर्यंत येणारी तार तुटली असेल, टाइप केलेल्या नावाचा पत्ता सापडत नसेल, पलीकडचा सर्व्हर बंद असेल, किंवा आपल्याच ब्राउझरने कालचे पान जपून ठेवले असेल. लक्षण एकच, उपाय मात्र प्रत्येक वेळी निराळा. नाशिकमध्ये मी शेजारच्या लोकांना ऑनलाइन अर्ज भरायला मदत करते, आणि माझा अनुभव असा आहे की इंटरनेटच्या शब्दांची यादी पाठ करून ते लक्षात राहत नाहीत. शब्द जिथे उपयोगी पडतो तिथेच तो शिकावा. म्हणून इथे एकाच विनंतीचा प्रवास घेतला आहे : गंगापूर रोडवरील घरात बसून कोणी तरी दिंडोरी तालुक्यातील आपल्या शेताचा सातबारा पाहण्यासाठी पत्ता टाइप करतो, आणि ते पान त्याच्या पडद्यावर उमटते. या वाटेवर जो शब्द भेटेल तो समजून घ्यायचा, आणि तिथे बिघाड झाला आहे का हे कसे तपासायचे तेही त्याच ठिकाणी पाहायचे.

शब्दांच्या निवडीबद्दल एक खुलासा करते. संकेतस्थळ आणि परवलीचा शब्द हे मराठी शब्द रुळले आहेत, ते जरूर वापरावेत. राउटर, सर्व्हर, ब्राउझर यांना मात्र मी पर्यायी शब्द दिलेले नाहीत, कारण दुरुस्तीला येणारा माणूस आणि कंपनीच्या फोनवर बोलणारी व्यक्ती हेच शब्द वापरतात, आणि त्यांच्याशी आपले बोलणे जुळणे इथे महत्त्वाचे आहे.

रस्ता आणि एसटी

पहिली गल्लत इंटरनेट आणि वेब या दोन शब्दांची होते. मुंबई-आग्रा महामार्ग नाशिकमधून जातो. त्यावरून एसटी धावते, कांद्याचे ट्रक धावतात, खासगी गाड्या धावतात. इंटरनेट हा तो रस्ता आहे आणि वेब ही त्यावरून धावणारी एक सेवा आहे, जशी एसटी. रस्ता आधी झाला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठवताना त्याची पहिली दोनच इंग्रजी अक्षरे पोचली आणि यंत्रणा कोसळली. हे दोन संगणक ज्या जाळ्याने जोडले होते, त्याचे नाव आर्पानेट होते. १ जानेवारी १९८३ पासून त्या जाळ्याने टीसीपी-आयपी हे नियम स्वीकारले, आणि आजचे इंटरनेट त्याच नियमांवर चालते. वेब त्यानंतरचे आहे : जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये त्याचा प्रस्ताव मांडला, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमामार्फत.

या फरकाचा व्यवहारात उपयोग असा, की व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप जात आहेत पण एखादे संकेतस्थळ उघडत नाही, तर रस्ता शाबूत आहे आणि अडचण त्या संकेतस्थळाची किंवा त्याच्या नावाची आहे. याच प्रकारची दुसरी गल्लत गूगल आणि क्रोम यांची होते. क्रोम, फायरफॉक्स, सफारी हे ब्राउझर, म्हणजे पाने उघडून दाखवणारी साधने. गूगल हे शोधयंत्र, म्हणजे कोणते पान कुठे आहे ते सांगणारी सेवा. संकेतस्थळाचा पत्ता ठाऊक असेल तर तो ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पूर्ण टाइप करावा. शोधून जायचेच असेल तर निकालांच्या वरच्या भागात ‘प्रायोजित’ असे लिहिलेल्या जाहिराती असू शकतात हे ध्यानात ठेवावे, कारण सरकारी सेवेच्या नावाने पैसे उकळणारी पाने बहुधा तिथूनच भेटतात.

घरातला टप्पा

वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वायफाय हा फोन आणि राउटर (बाहेरून आलेले इंटरनेट घरातल्या उपकरणांना वाटून देणारा डबा) यांच्यामधला, घरातल्या घरातला बिनतारी दुवा आहे, आणि त्याचा बाहेरच्या जगाशी काहीही संबंध नाही. त्यामुळे फोनवर वायफायच्या सगळ्या रेषा भरलेल्या असूनही इंटरनेट बंद असू शकते. वायफाय बहुधा दोन पट्ट्यांवर चालते : २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा लांब पोचतो व भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण त्याचा वेग कमी असतो. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान असतो, पण भिंतीपुढे लवकर हार मानतो. जुन्या नाशकातील वाड्यांच्या जाड भिंतींत ५ गिगाहर्ट्‌झ माजघराच्या पलीकडे नीट पोचत नाही. अशा घरात महागडी योजना घेण्यापेक्षा राउटर कपाटामागून काढून घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवणे अधिक फळते.

राउटरपर्यंत बाहेरून येणारी तार आता बहुतेक ठिकाणी फायबरची, म्हणजे काचेच्या केसासारख्या तंतूची असते, आणि तिच्यातून विजेऐवजी प्रकाश वाहतो. ती ज्या पेटीत येते तिला ओएनटी म्हणतात. अनेकदा ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतात. त्यावरील दिव्यांपैकी एकाखाली ‘एलओएस’ असे लिहिलेले असते, आणि तो लाल झाला म्हणजे बाहेरून येणारा प्रकाशच थांबला आहे. पावसाळ्याच्या तोंडावर रस्ते खणले जातात तेव्हा हा दिवा लाल होण्याचे प्रमाण वाढते. अशा वेळी राउटर बंद-चालू करत बसण्यात वेळ जातो. तंतू जोडणारा माणूस आल्याशिवाय हा बिघाड सुटत नाही. एलओएस लाल नसेल, तर मात्र राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करणे हा रास्त पहिला उपाय आहे.

पत्ता, पुडकी आणि वेग

जाळ्यातील प्रत्येक उपकरणाला एक आकडी पत्ता लागतो, तो आयपी पत्ता. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे आवृत्ती ४ च्या पत्त्यात बिंदूंनी वेगळे केलेले चार आकडे असतात, आणि असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. ते अपुरे पडले म्हणून आवृत्ती ६ आली. तुमच्या फोनला राउटरने दिलेला पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. तो केवळ घरातला असतो, जसा ‘दुसरा मजला, डावीकडची खोली’ हा पत्ता घरातल्यांनाच कळतो. संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही असे समजावे आणि बिघाड घरातच शोधावा.

पत्ते अपुरे असल्याने अनेक कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक, म्हणजे बाहेरच्या जाळ्याला दिसणारा, पत्ता देतात. पाने पाहणाऱ्याला याचा त्रास जाणवत नाही. पण द्राक्षबागेत कॅमेरा बसवून तो शहरातून थेट पाहायचा असेल, तर बाहेरून येणाऱ्या विनंतीला त्या एका पत्त्यामागचे नेमके घर सापडत नाही. अशा वेळी कंपनीकडे ‘स्टॅटिक (न बदलणारा) सार्वजनिक आयपी’ या शब्दांत मागणी करावी, किंवा स्वतःच्या मध्यस्थ सेवेमार्फत चित्र दाखवणारा कॅमेरा निवडावा.

पाठवलेला मजकूर एकसंध जात नाही. त्याची छोटी पुडकी होतात आणि त्यांना पॅकेट म्हणतात. पिंपळगावहून टोमॅटोच्या शंभर क्रेट वेगवेगळ्या गाड्यांतून निघाल्या, प्रत्येकीवर क्रमांक टाकला, आणि पलीकडच्या व्यापाऱ्याने क्रमाने मांडून ‘सदतिसावी आली नाही, पुन्हा पाठवा’ असे कळवले, तर ते काम जसे होईल तसे टीसीपी करते. सातबाऱ्याची फाइल म्हणूनच एक तर पूर्ण उतरते किंवा उतरतच नाही. व्हिडिओ कॉलमध्ये मात्र हरवलेले पुडके परत मागवण्यात अर्थ नसतो, कारण तो शब्द बोलून झालेला असतो. तिथे बहुधा यूडीपी हे दुसरे नियम वापरले जातात. कॉलमध्ये आवाज तुटतो आणि फाइल मात्र सुखरूप येते, याचे कारण हे आहे.

वेगाबद्दलची सर्वांत जास्त भांडणे एका अक्षरामुळे होतात. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो; ८ बिटांचा १ बाइट होतो. ४० मेगाबिटच्या योजनेत एका सेकंदाला जास्तीत जास्त ५ मेगाबाइट उतरतील, ४० नव्हे. ‘चाळीसचे सांगून पाचच देतात’ ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे, आणि अशा बहुतेक प्रसंगी कंपनीची चूक नसते. मोजताना संगणक तारेने थेट राउटरला जोडून मोजावे, म्हणजे वायफायचा दोष वेगाच्या माथी येत नाही.

वेग पुरेसा असूनही पान अडखळत उघडते तेव्हा लेटन्सी हा शब्द कामाला येतो. तो विलंब आहे : विनंती जाऊन उत्तराचे पहिले पुडके परत येईपर्यंतचा काळ. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईतील सर्व्हर नाशिकहून दोनशे किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे केवळ अंतरापोटी जाऊन-येऊन सुमारे २ मिलिसेकंदच लागतात; अमेरिकेतील सर्व्हरशी बोलायला त्याच्या कैक पट वेळ लागतो, आणि कितीही महाग योजना घेतली तरी हे अंतर घटत नाही. मोठी संकेतस्थळे म्हणूनच आपल्या पानांच्या प्रती जगभरात जागोजागी ठेवतात, आणि या व्यवस्थेला सीडीएन म्हणतात.

नाव उलटे वाचावे

आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे आली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही व्यवस्था रचली, जी संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देते. ही व्यवस्था अडली तर जोडणी चालू असूनही एकही नवे पान उघडत नाही. ओळखण्याची रीत सोपी आहे. विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पिंग’ या, पलीकडून उत्तर येते का ते पाहणाऱ्या आज्ञेपुढे ८.८.८.८ हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचा पत्ता इंग्रजी अंकांत द्यावा. उत्तर आले, आणि नाव दिल्यावर मात्र ते सापडत नाही असे कळले, तर दोष डीएनएसचा. मग राउटरच्या किंवा फोनच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ देऊन काम चालवता येते.

आता जे सांगते आहे ते या लेखात मला सर्वांत निकडीचे वाटते, कारण यात पैसे वाचतात. सातबाऱ्याचे संकेतस्थळ ‘भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन’ असे आहे. हे नाव उजवीकडून डावीकडे वाचावे. ‘डॉट इन’ म्हणजे भारताचा विभाग. ‘जीओव्ही डॉट इन’ हा शेवट सरकारी यंत्रणांसाठी राखून ठेवलेला आहे, तो कोणा खासगी माणसाला मिळत नाही. ‘महाभूमी’ हे त्यात नोंदलेले नाव, आणि ‘भूलेख’ हा त्या नावाच्या मालकाने स्वतः पाडलेला उपविभाग. मालक उजवीकडे असतो. त्याच्या डावीकडे तो मालक हवे ते लिहू शकतो. म्हणून ‘महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम’ असा पत्ता आला, तर त्याचा मालक सरकार नसून ‘अमुक डॉट कॉम’ आहे. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेषांनंतर जी पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिथे नाव संपते. तिथून मागे वाचत जावे. वीज तोडण्याची धमकी देणाऱ्या किंवा बँक खाते बंद होईल असे सांगणाऱ्या निरोपातील दुव्याला ही एकच कसोटी लावली, तर बरीचशी फसवणूक तिथेच उघडी पडते. बँकांच्या बाबतीत हे आणखी सोपे झाले आहे : रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये ‘बँक डॉट इन’ हा शेवट बँकांसाठी राखून ठेवला आणि सर्व बँकांना त्यावर येण्यास सांगितले.

देवनागरीतही नावे घेता येतात. ‘डॉट भारत’ हा शेवट २०१४ पासून उपलब्ध आहे. आपल्या भाषेतील नाव पत्त्याच्या पट्टीत दिसणे मला फार मोलाचे वाटते, आणि त्याचा वापर वाढायला हवा.

कुलपाच्या चिन्हाबद्दल मात्र गैरसमज मोठा आहे. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ असणे याचा अर्थ इतकाच, की तुमच्या आणि त्या सर्व्हरच्या दरम्यानचा मजकूर सांकेतिक करून पाठवला जातो आणि वाटेत कोणाला वाचता येत नाही. सर्व्हर चालवणारा माणूस प्रामाणिक आहे, असे ते सांगत नाही. लबाडालाही हे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. म्हणून नाव आधी तपासावे आणि कुलूप नंतर.

पलीकडचे टोक

सर्व्हर म्हणजे विनंतीची वाट पाहत सतत चालू असलेला संगणक, आणि ‘क्लाउड’ म्हणजे असे दुसऱ्याच्या मालकीचे संगणक, भाड्याने घेतलेले. सर्व्हर उत्तराबरोबर तीन आकडी क्रमांक पाठवतो. ४ ने सुरू होणारा क्रमांक आला तर मागण्यात काही चुकले आहे : ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर पान नाही, ४०३ म्हणजे पाहण्याची परवानगी नाही. ५ ने सुरू होणारा आला तर चूक त्यांच्याकडे आहे : ५०० म्हणजे आतला बिघाड, ५०३ म्हणजे सेवा सध्या उपलब्ध नाही. दहावी-बारावीच्या निकालाच्या दुपारी ५०३ दिसला, तर तुमचा फोन, राउटर आणि परवलीचा शब्द सगळे ठीक आहे. पान पुन्हा पुन्हा ताजे करण्याने सर्व्हरवरचा भार वाढतोच. अर्ध्या तासाने पाहावे.

पान तुमच्याकडे येते ते तीन भाषांत. अर्जाच्या पानावर ‘मोबाइल क्रमांक’ ही चौकट आहे असे एचटीएमएल सांगते. ती चौकट किती रुंद आणि कोणत्या रंगाची हे सीएसएस ठरवते. आणि तुम्ही नऊच अंक लिहिलेत म्हणून पुढे जाऊ देत नाही ती जावास्क्रिप्ट. पान दिसते पण बटण दाबून काहीच होत नाही, तेव्हा जावास्क्रिप्ट अडली आहे असे समजून दुसऱ्या, अद्ययावत ब्राउझरमध्ये तेच पान उघडून पाहावे.

मराठी मजकूर चौकोन किंवा अर्थहीन इंग्रजी अक्षरे होऊन दिसला, तर तो बहुधा जुन्या छपाईच्या फॉन्टमध्ये लिहिलेला असतो. युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे तो मजकूर कुठेही वाचता येतो आणि शोधयंत्राला सापडतो. छापखान्यातून आलेली पत्रिका किंवा अहवाल संकेतस्थळावर टाकण्यापूर्वी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे.

कॅशे आणि कुकी हे दोन शब्द नेहमी जोडीने येतात, पण त्यांची कामे वेगळी आहेत. कॅशे म्हणजे पुन्हा मागवावी लागू नयेत म्हणून ब्राउझरने जवळ ठेवलेली चित्रे व पाने. जुनीच माहिती दिसत असेल तर कॅशे पुसावी. कुकी म्हणजे तुम्ही कोण हे लक्षात राहावे म्हणून संकेतस्थळाने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. ती पुसली की पुन्हा लॉगिन करावे लागते. सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्याच्या संगणकावर काम करताना ‘इन्कॉग्निटो’ खिडकी, म्हणजे बंद केल्यावर कुकी मागे न ठेवणारी खिडकी, उघडावी, काम झाल्यावर लॉगआउट करून ती बंद करावी, आणि उतरवलेली फाइल डाउनलोडच्या फोल्डरमधून आठवणीने काढून टाकावी, कारण ती खिडकी बंद केल्याने फाइल जात नाही.

स्वतःचे संकेतस्थळ काढणाऱ्यांनी डोमेन आणि होस्टिंग यांतला भेद आधी समजून घ्यावा. डोमेन हे नाव आहे आणि ते ठरावीक मुदतीने भाडे भरून राखावे लागते. होस्टिंग ही पाने ठेवण्याची जागा आहे. मेन रोडवरील माझ्या परिचयाच्या एका दुकानदाराने दोन्ही कामे संकेतस्थळ बनवणाऱ्यावर सोपवली, आणि त्याने डोमेन स्वतःच्या नावावर नोंदवले. काही वर्षांनी दोघांचे बिनसले तेव्हा दुकानाच्या पाट्यांवर, पिशव्यांवर आणि पावत्यांवर छापलेले ते नाव दुकानदाराचे राहिले नव्हते. डोमेनची नोंद स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर करावी आणि त्याचा परवलीचा शब्द स्वतःजवळ ठेवावा. होस्टिंग कोणाकडेही असले तरी चालेल, ते बदलता येते.

तक्रार करताना

आता कंपनीला फोन लावण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : ओएनटीवरील कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे, बिघाड किती वाजता सुरू झाला, घरातल्या सगळ्याच उपकरणांवर तो आहे की एकावरच, आणि ८.८.८.८ ला पिंग केल्यावर उत्तर येते की नाही. मग ‘नेट चालत नाही’ ऐवजी असे सांगता येते : ‘वायफाय जोडलेले आहे, पण संध्याकाळी सातपासून एलओएसचा दिवा लाल आहे, आणि शेजारच्या घरीही तसेच आहे.’ शेजारच्या घराचा उल्लेख आवर्जून करावा, कारण त्यावरून बिघाड तुमच्या घरातला नसून खांबावरचा किंवा रस्त्याखालचा आहे हे कळते, आणि येणारा माणूस तंतू जोडण्याचे यंत्र बरोबर घेऊनच निघतो. फोन ठेवण्यापूर्वी तक्रार क्रमांक मागून तो त्याच कागदावर, वेळेसह टिपून ठेवावा.